पलीकडच्या बाजूला पूर्णिमा

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवायला दोन बाया लागतात. एकटीनंही जमतं, पण त्याला वळवणं म्हणत नाहीत, ढकलणं म्हणतात. नर्सिंगच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. पलीकडच्या बाजूला कोण असावं हे पुस्तकात नसतं. त्यामुळे संघप्रिया शिंगे या बाईच्या आयुष्याचा निम्मा भाग पुस्तकाबाहेर राहिला.

संघप्रिया मूळची हातकणंगल्याची. वडील रेल्वेत गँगमन. नाव गणपती आणि घरात तसबीर बुद्धाची. छप्पन साली त्यांनी धर्म बदलला, तेव्हा नावही बदलायचं मनात होतं. पण रेल्वेच्या दफ्तरी एकदा लागलेलं नाव बदलणं धर्म बदलण्यापेक्षा अवघड निघालं. बाकी सगळं त्यांनी एका दिवसात सोडलं. मुहूर्त, लिंबू-मिरची, अमावास्या, शुभ दिशा आणि अशुभ दिशा. त्यांच्या घरात चुलीचं तोंड कुठंही असायचं आणि तरीही भाकरी फुगायची. पोरीनं नर्सिंगला जायचं म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं होतं, की तिथं गंडेदोरे बांधायला लावत नाहीत ना.

राजारामपुरीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ती लागली, पुरुषांच्या वॉर्डात. त्याच महिन्यात पूर्णिमा पाटील लागली. ही मलकापूरकडची, घरी शेती, म्हशी आणि डोंगराच्या एका अंगाला उभं राहून दुसऱ्या अंगाच्या माणसाला जेवायला बोलवायची पिढीजात सवय. ‘कृपया शांतता राखा’ अशी पाटी वॉर्डात होतीच; पूर्णिमा आल्यावर ती मोठ्या अक्षरात रंगवून घेतली गेली.

दोघींचं जमायचं काही कारण नव्हतं. जमलं ते खाटेवर. वॉर्डात दोन ओळी होत्या. एका ओळीच्या खाटांची डोकी पूर्वेच्या भिंतीला, दुसरीच्या खाटांची पश्चिमेच्या भिंतीला. मधून वाट. कूस बदलायला उभ्या राहिल्या की संघप्रिया खाटेच्या दक्षिणेला आणि पूर्णिमा उत्तरेला, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. तसं पडत गेलं. चादरीखाली हात गेले की एक श्वास घ्यायचा आणि माणूस वळायचा. मोजणं नाही, ‘हं’ म्हणणं नाही. अर्धांगवायूनं पडलेला, पोत्यासारखा जड झालेला माणूससुद्धा त्या दोघींच्या हातात झोपेतल्या लेकरासारखा फिरायचा. एका म्हाताऱ्यानं तर तक्रारच केली होती, की मला वळवलं कधी ते कळलं न्हाय, पुन्यांदा वळवा.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला मोठे डॉक्टर बाहेरून काहीतरी ऐकून आले आणि म्हणाले, की आता नर्सेसनीही संशोधन केलं पाहिजे. संशोधन म्हणजे काय हे त्यांनी सांगितलं नाही, ते झालं पाहिजे एवढंच सांगितलं. बाकीच्या नर्सेसनी माना डोलावल्या आणि पाळीला गेल्या. या दोघींनी मनावर घेतलं. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. पडून असलेल्या रुग्णाच्या कमरेला आणि माकडहाडाला जखमा होतात, बेडसोअर म्हणतात त्या, आणि एकदा झाल्या की औषधापेक्षा चिकट निघतात. वेळच्या वेळी कूस बदलली तर त्या कमी होतात की नाही ते पाहायचं. प्रत्येक खाटेला एक तक्ता टांगला. वळवलं की त्यावर खूण करायची.

तक्ते भरत गेले आणि जखमाही भरभराटीला आल्या.

आता यात संशय येणारच. सकाळी दोघी एकत्र असत, पण दुपारपाळी एकेकीची असे, मदतीला कुणीतरी मावशी घेऊन. संघप्रियाच्या मनात आलं, पूर्णिमा न वळवताच खूण करत असेल. पूर्णिमाच्याही मनात तेच आलं, फक्त तिनं ते बोलून दाखवलं. त्यानंतर काही आठवडे दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. सकाळी खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहून माणसं मात्र वळवत राहिल्या, आणि ती पहिल्यासारखीच वळत राहिली. वॉर्डात कुणाला भांडणाचा पत्ता लागला नाही. पूर्णिमाचा आवाज कमी झाला एवढंच. त्याचं श्रेय पाटीला मिळालं.

एक गोष्ट संघप्रियाला खटकत होती. पूर्वेच्या ओळीत सगळ्यांच्या जखमा उजव्या कमरेला होत्या आणि पश्चिमेच्या ओळीत सगळ्यांच्या डाव्या. मोठ्या डॉक्टरांनी हा योगायोग आहे असं निदान केलं. योगायोग ओळ बघून बसतो का, हे विचारायचं तिच्या ओठावर आलं होतं. 

उलगडा केला तानाबाईनं. तानाबाईचा नवरा अर्धांगवायूनं आडवा झाला होता आणि ती खाटेखाली चटई टाकून राहत होती. एका दुपारी संघप्रिया आणि मावशीनं त्याला डाव्या कुशीवर वळवलं, उशी लावली, खूण केली आणि संघप्रिया पुढच्या खाटेकडं गेली. सहज मागं वळून बघते तर तानाबाईनं पदर खोचला होता आणि नवऱ्याला खांद्याला धरून पुन्हा होता तसा करत होती. संघप्रिया तशीच माघारी आली. काय करताय म्हणून विचारल्यावर तानाबाईनं तिच्याकडं असं बघितलं, की मोठी शिस्टर झाली आणि एवढं कळेना.

“दक्षिणेला तोंड करून निजवलासा त्यास्नी,” ती म्हणाली. “जित्ता हाय की वं अजून माझा दाल्ला.”

मग संघप्रियानं वॉर्डभर नजर टाकली. डोकं पूर्वेला असो नाहीतर पश्चिमेला, सगळ्यांची तोंडं उत्तरेकडं होती. कुणाची बायको, कुणाचा भाऊ, कुणाची आई, सगळ्यांनी आपापलं माणूस यमाच्या दिशेकडून आणून पुन्हा सुरक्षित करून ठेवलं होतं. जे गाव स्वतःला अभिमानानं दक्षिण काशी म्हणवून घेतं, त्या गावात दक्षिणेकडं तोंड करायला एक माणूस तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूर्णिमाला हे सांगायला गेली तेव्हा आपण बोलत नाही हे विसरून गेली. पूर्णिमानं ऐकलं आणि कपाळाला हात लावून मटकन खुर्चीत बसली.

“मला ठाऊक होतं की हे,” ती म्हणाली. “खरं, मला ठाऊक हाय हेच मला ठाऊक नव्हतं.”

तिच्या घरी लेकराचा पाळणासुद्धा दिशा बघून बांधत. ती स्वतः रोज उत्तरेच्या बाजूला उभी राहत होती, कारण तिकडं उभं राहिलं की माणूस आपल्याकडं तोंड करून वळतो आणि मनाला बरं वाटतं. का बरं वाटतं हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आणि संघप्रिया दक्षिणेला उभी राहत होती, कारण ती बाजू रिकामी असायची. वडिलांनी घरातून दिशा अशा धुऊन काढल्या होत्या, की लोक त्यांना भितात हे या संशोधक बाईला शंभर वर्षांत सुचलं नसतं.

“मग तूच उभी राहा तिकडं,” पूर्णिमा म्हणाली. “यम काय तुला ओळखतोय व्हय?”

“माझ्या बानं छप्पनलाच त्याचं नाव कमी केलंय हजेरीपटावरनं,” संघप्रिया म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की वॉर्डबॉय केरबा पाटीकडं बोट दाखवून गेला.

यावर करायचं काय, यावरून पुन्हा जुंपली. संघप्रियाचं म्हणणं, नातेवाइकांना बसवून समजावू. पूर्णिमाचं म्हणणं, तू पटवत बस, तवर त्यांच्या कमरंला भोक पडतंय. तिनं सुचवलं, खाटाच फिरवू. डोकं दक्षिणेच्या भिंतीला केलं की एका कुशीवर पूर्व आणि दुसऱ्या कुशीवर पश्चिम. दोन्ही दिशांना यमाचं कुणी राहत नाही. संघप्रियाला ते पटत नव्हतं आणि पटत होतं. शेवटी दक्षिणेच्या भिंतीला बसतील तेवढ्या खाटा लावून घ्यायचं आणि अगदी पडून असलेले रुग्ण तिथं ठेवायचं ठरलं. प्रशासक हंबीरराव यांनी, खाटा फिरवल्यानं जागा अडते, अशी हरकत घेतली; पण आपल्या सासऱ्यांना ते स्वतः उत्तरेला तोंड करून ठेवून गेले होते, असं पूर्णिमानं सगळ्यांदेखत सांगितल्यावर हरकत मागं घेतली.

जखमा कमी झाल्या. नाहीशा झाल्या नाहीत, कमी झाल्या. ती सुट्टीत घरी गेली आणि वडिलांना हे कळलं, तेव्हा मात्र त्यांनी जेवता जेवता हात थांबवला. यमासाठी खाटा फिरवल्या व्हय, असं म्हणून ते लेकीशी त्या सुट्टीत पुन्हा बोलले नाहीत.

मग त्यावर लेख लिहायचा ठरला, नर्सिंगच्या परिषदेत वाचायला. संघप्रियाच्या घरी संध्याकाळी बैठक बसे. तिचा नवरा प्रसेनजीत शाळेत इंग्रजी शिकवायचा. तो व्याकरण बघायचा आणि चहा करायचा. यमाला इंग्रजीत काय म्हणायचं यावर एक अख्खी संध्याकाळ गेली आणि शेवटी त्याच्या जागी ‘सांस्कृतिक घटक’ असं घालायचं ठरलं. नाव कुणाचं आधी, यावर वाद झालाच नाही. पूर्णिमा म्हणाली, तुझं आधी, दक्षिणेचा मान तुझा. हे लिहिणं असं रेंगाळत, खाडाखोड होत, कधी परिषदेची तारीख चुकत, कधी कुणाच्या बाळंतपणाची रजा पडत काही वर्षं चाललं. दोघींनाही ते संपवायची फार घाई नव्हती असं प्रसेनजीतचं मत होतं.

दोन हजार तीनच्या आसपास नर्सेस परदेशी जाऊ लागल्या. आधी केरळच्या गेल्या, मग मिरजेच्या, मग एक दिवस पूर्णिमानं सांगितलं की इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलचं पत्र आलंय. तिचा नवरा राजवीर आधीच तयार होता. दोन वर्षांचा करार, तो संपला की आले, तवर ते कागद ठेव, आल्यावर दोघी मिळून वाचू, असं ती म्हणाली. संघप्रियानं कांदा-लसूण चटणी एवढी दिली की विमानतळावर ती वासानं ओळखली गेली असावी.

त्यानंतर खाटेच्या पलीकडं बऱ्याच जणी येऊन गेल्या. एक जण मोठ्यानं एक-दोन-तीन मोजायची आणि दोनवरच उचलायची. एक जण दर वेळी विचारायची, धरू का. केरबा पूर्वी तालमीत होता. तो पलीकडून धरायचा तेव्हा रुग्ण चीतपट झाल्यासारखा दिसायचा. माणसं वळत होती, जखमा आटोक्यात होत्या, तक्रारीला जागा नव्हती. फक्त चादरीखाली हात घातल्यावर संघप्रिया अजून क्षणभर थांबायची. पलीकडून एक श्वास यायचा बाकी असल्यासारखी. मग तो यायचा नाही, आणि ती उचलायची.

रविवारी पूर्णिमाचा फोन येई. सुरुवातीला तासभर. तिकडं माणूस उचलायला यंत्र आहे, झोळीसारखं, बटण दाबलं की माणूस वर. भांडं दिलं तरी रुग्ण आभार मानतो. वॉर्डात आवाज म्हणून नाही. संघप्रियानं एकदा विचारलं, तिथं वळवलेल्या माणसाला कुणी परत फिरवत नाही ना.

“कोण फिरवणार?” पूर्णिमा म्हणाली. “कोण येतच न्हाय बघायला. ज्या तोंडानं ठेवावं त्या तोंडानं माणूस पडून ऱ्हातंय.”



दोन वर्षांचा करार चार वर्षांचा झाला. फोन महिन्यावर गेला, मग सणावर. मेट्रन दरवर्षी विचारायच्या, तुमच्या त्या लेखाचं काय झालं. संघप्रिया म्हणायची, पूर्णिमा आली की. आधी ते कारण होतं, मग सवय झाली. पुढं पुढं त्यात आणखी काहीतरी मिसळलं. लेख पाठवला की पूर्णिमाला यायचं काम उरणार नाही, असं तिला वाटू लागलं. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात नवस केला नव्हता, तिनं हा एक केला, त्याला नवस न म्हणता. प्रसेनजीत एकदा चष्मा पुसत म्हणाला, की लग्नाआधी मी दोन वर्षं नागपूरला होतो, तेव्हा तू माझी एवढी वाट बघितल्याचं आठवत नाही. तिनं सांगितलं, तुझी बघायला लागली नाही, तू दर पंधरा दिवसांनी येत होतास.

दोन हजार सातमध्ये हॉस्पिटलला मानांकन मिळवायचं खूळ लागलं. त्यासाठी गुणवत्ता विभाग निघाला. नर्सिंगच्या दोन जागा: एक प्रमुखाची, ती संघप्रियाला मिळाली, दुसरी तिच्या जोडीला. ही दुसरी जागा तिनं भरली नाही. आलेल्या मुलींपैकी एकीचा आवाज तिला फार बारीक वाटला, दुसरीचा फार मोठा. एकीला अनुभव कमी होता आणि एकीला इतका होता की ती ऐकणार नाही अशी भीती वाटली. हंबीरराव आता म्हातारे झाले होते, पण त्यांचं डोकं शाबूत होतं. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

“शिंगे सिस्टर, तुमाला माणूस पायजे का पूर्णिमा पायजे?”

चांगली माणसं मिळत नाहीत साहेब, असं ती म्हणाली. त्यांनी वर्षअखेरपर्यंत मुदत दिली.

आणि डिसेंबरात पूर्णिमा आली. मलकापुरात पुतण्याचं लग्न होतं. फोनवर म्हणाली, हॉस्पिटलात येते, सगळ्यांना भेटते. संघप्रियानं त्या आठवड्यात दोनदा केस धुतले आणि दुसऱ्या जागेचा कागद, पगाराच्या आकड्यासकट, टेबलावर काढून ठेवला.

पूर्णिमाचे केस कापलेले होते. चॉकलेटची पिशवी घेऊन ती वॉर्डात शिरली आणि जुन्या मावशांना मिठ्या मारत, एकेकीची चौकशी करत पुढं आली. संघप्रियाला आधी कळेना की चुकल्यासारखं काय वाटतंय. मग कळलं. पूर्णिमा हळू आवाजात बोलत होती.

दक्षिणेच्या भिंतीच्या खाटेवर आकाराम नावाचा म्हातारा घसरून आडवातिडवा झाला होता. दोघींनी एकदमच ते बघितलं, आणि कुणी काही न म्हणता एक इकडं आणि एक तिकडं झाली.  संघप्रियानं चादरीखाली हात घातले. श्वास घेतला.

पलीकडून हात आले नाहीत. पूर्णिमा इकडंतिकडं बघत होती. घसरती चादर नाही का तुमच्याकडं, ती विचारत होती. असं नुसत्या हातानं उचलायचं नाही, पाठ जाते, तिकडं तर नोकरीच जाईल. मग तिनं दुसरी चादर मागवली, दुमडली, खाली सरकवली. संघप्रियाचे हात तोवर म्हाताऱ्याच्या पाठीखाली तसेच होते.

“बायांनो, ठरवा की काय ते,” आकाराम म्हणाला. “का मी असाच टांगून ऱ्हाऊ?”

पूर्णिमानं मोजलं. वन, टू, थ्री. म्हातारा वळला. खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा चांगला वळला; पाठीचं कातडं ओढलं गेलं नाही, कुणाचा श्वास लागला नाही. गुणवत्ता म्हणतात ती हीच, आणि संघप्रिया त्याच विभागाची प्रमुख होती. तिनं त्या चादरीची घडी कशी घालायची ते विचारून घेतलं.

कँटीनमध्ये चहा आल्यावर तिनं जागेचं सांगितलं. पगार सांगितला, तो तिकडच्या मानानं हसण्यासारखा होता, पण पूर्णिमा हसली नाही. मग संघप्रियानं लेखाचं काढलं.

“कुठला लेख?” पूर्णिमा म्हणाली.

क्षणभरच. मग तिला आठवलं आणि तिनं टेबलावर हात मारला. त्या यमाचा! अजून पाठवला न्हाईस तू? संघप्रिया कपाकडं बघत म्हणाली, राहिला.

पूर्णिमानं चहा संपवला. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

“मला तिकडं कोण ओळखत न्हाय, संघे,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज आता थोडा जुन्यासारखा झाला होता. “पयल्यांदा त्याचंच रडू यायचं. रस्त्यानं चाललं तर एक माणूस विचारत न्हाय, कुठनं आलीस, कुणाची तू, जेवलीस का. आता त्याचीच गोडी लागल्या. मलकापुरात पाय ठेवल्यापास्नं सगळी मला ओळखायला लागल्यात. चार दिसांत दमले बघ.”

“म्हंजे येणार न्हाईस.”

“न्हाय.”

“बरं,” संघप्रिया म्हणाली, आणि तिला आणखी एक चहा पाहिजे का ते विचारलं. पूर्णिमाला नको होता. तिनं संघप्रियाचा हात हातात घेतला, उलटा करून बघितला, किती खरखरीत झालाय गं म्हणाली, आणि पर्समधून मलमाची एक ट्यूब काढून दिली. रिक्षात बसताना ती रडली. संघप्रिया रडली नाही, कारण रिक्षावाला पूर्णिमाला विचारत होता, पावणं, कुठनं आलासा, आणि ती त्याला उत्तर देत नव्हती, ते बघण्यात तिचं लक्ष गेलं होतं.

लेख पुढच्या वर्षी सांगलीच्या एका परिषदेत वाचला गेला. दोन नावं होती, वाचणारी एक. इतक्या वर्षांत त्यातली आकडेवारी जुनी झाली होती आणि संदर्भही. टाळ्या झाल्या. एका प्राध्यापिकेनं विचारलं, की वॉर्डातली दक्षिण कशी निश्चित केलीत, होकायंत्र वापरलंत का. संघप्रियानं सांगितलं, की वापरलं नाही, नातेवाइकांना विचारलं. हे उत्तर शास्त्रीय नाही असं त्या बाईंचं मत पडलं.

पण त्याच्या बऱ्याच आधी, जानेवारीच्या पहिल्या सोमवारीच, दुसरी जागा भरली गेली होती. सोनम नावाची मुलगी, नुकती शिकून बाहेर पडलेली, आवाज ना बारीक ना मोठा. हंबीररावांनी संघप्रियाला विचारलंही नाही, सहीला कागद पाठवला आणि तिनं सही केली. सोनम पहिल्या दिवशी वेळेआधी आली. वॉर्डातून फिरताना तिनं सगळं नीट विचारून घेतलं, आणि आकारामच्या खाटेपाशी दोघी पोचल्या तेव्हा जरा अडखळत आणखी एक विचारलं. अनुभवाचा दाखला किती वर्षांनी मिळतो? परदेशी अर्ज करायला लागतो, म्हणून.

संघप्रियानं चादर दुमडली. म्हाताऱ्याच्या पाठीखाली सरकवली. 

“दोन वर्षांनी,” ती म्हणाली. “आता तिकडनं धर.”